लिंबाचं कोलोन

इस्तंबूलच्या दवाखान्यात टकलावर केस रोवून घ्यायला बसलेल्या नेज्देतच्या कानात बायकोचं बोलणं घुमत होतं, "सर्जन खरा आहे का, ते आधी विचारा हो!" त्यानं विचारलंही. "सर्जन मीच," मास्कवाला म्हणाला आणि उरलेले केस भादरू लागला. हात सफाईदार होता, नेज्देतला धीर आला. भादरून होताच मास्कवाल्यानं सवयीनं तळहातावर लिंबाचं कोलोन ओतलं आणि नेज्देतच्या मानेवर चपाचप चोळलं. "तब्येतीला मानवो, दादा!" नेज्देतचा नेहमीचा न्हावीही दाढीनंतर अगदी हेच करायचा, हेच म्हणायचा. मास्कवाल्यानं भुलीची सुई उचलली. "तुमचं... दुकान कुठं होतं?" नेज्देतनं कसंबसं विचारलं. सुई हवेतच थांबली. मास्कमागचा आवाज खुलला, "ओळखलंत होय? उस्कुदारला, धक्क्यासमोर! रमजानपर्यंत चालू होतं." त्यानं नेज्देतचं डोकं प्रेमानं खाली दाबलं. "घाबरू नका, दादा. हात तोच आहे."