पितळी सळई

नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी ग्रंथपाल सासऱ्यांनी जन्मभर लिहिलेली पुस्तकांची कार्डं डेटाबेसमध्ये भरायचं काम सुनेकडे आलं. टाइप केलेली फाइल तयार होती. एकदम ओतली तर चहा उकळेपर्यंत काम फत्ते, एकेक नोंद भरली तर पावसाळा उलटणार. नंतर कार्डांसकट कपाटं मोडीत जाणार होती. खणातली कार्डं ओवून ठेवणारी पितळी सळई काढून पुसत सासऱ्यांनी विचारलं, “सूनबाई, तुझं यंत्र एका वेळी किती घास घेतं?” “एकच, मामंजी. तुमच्यासारखंच हळू जेवतं.” “तोंडाळ कुठली!” म्हणत त्यांनी पहिलं कार्ड वाचलं. रोज दुपारी ते वाचत, वाचकांच्या खोड्या सांगत. ती भरत राही. शेवटच्या कार्डानंतर सळई तिला देत ते म्हणाले, “एकदम ओतता येतं, ठाऊक होतं मला. तुझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहतं का?” सासरे त्याच वर्षी थंडीत गेले.