बारा तासांची गोळी

सुगंधाने सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि गोळी हातात घेतली.

"उगाळ गो बेगीन!" माजघरातून सासऱ्यांची हाक आली. अप्पा वैद्यांची छाती भात्यासारखी वाजत होती. उभ्या आयुष्यात त्यांनी औषध अख्खं गिळलं नव्हतं, कुणाला गिळू दिलं नव्हतं. मात्रा उगाळायची, मधातून चाटवायची.

शिरोड्याचा डॉक्टर मात्र मघाशी पडवीत तिला बजावून गेला होता. "ही गोळी नवी आहे. पोटात गेल्यावर बारा तास थोडी थोडी सुटते. अख्खीच द्या. उगाळलीत, तर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरेल. त्यांच्या काळजाला सोसायचं नाही."

नऊ वर्षांमागे, शहात्तर साली, हाच डॉक्टर दारात आला होता. आत सुगंधाच्या चार वर्षांच्या दुर्गीचा गळा घटसर्पाने आवळला होता. अप्पांनी त्याला उंबऱ्यावरूनच परतवलं. "वैद्याच्या घरात सुयो? लोक हसतले माका!" तिसऱ्या दिवशी पोरीच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवलं. तेव्हापासून सहाण झिजली, चंदन झिजलं. सुगंधाचं मन काही झिजलं नाही. आणि आज स्वतःचा श्वास कोंडला, तर अप्पांना डॉक्टर चालला.

कुणाला कळणार होतं? वैद्याच्या सुनेने वैद्याच्या रीतीने दिलं, एवढंच गाव म्हणालं असतं.

त्यांच्या डोळ्यांदेखत उगाळावी, म्हणून ती सहाण घेऊनच आत गेली. समोर बसली. गोळी दगडावर टेकवली.

अप्पा तिच्या हाताकडे बघत होते. हळूच म्हणाले, "थांबलंस कित्याक? डॉक्टरान तुका सांगल्यान, ता सगळा माका आयकाक इला."

सुगंधाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणानच उगाळ म्हणतंय. दुर्गी रोज उशाकडे येवन बसता गो. बोलणा नाय, रडणा नाय. नुसती बघता. नऊ वर्षां झाली. एकदाच सोडव माका."

अप्पा दुर्गीला विसरलेत, असं ती नऊ वर्षं समजत होती. मग तिने गोळी उचलली, पदराने कोरडी केली, त्यांची मान हातावर घेतली आणि पाण्याचा पेला ओठांना लावला.

"अख्खी गिळा, अप्पानू. सांजेक दुसरी देतंय. तुमका जगवूचा आसा माका." तिने त्यांचं तोंड मायेने पुसलं. "दुर्गीक अजून पुष्कळ वर्षां तुमच्या उशाकडे बसूचा आसा."