आरशाचा तास

"आता वर्ग नव्या माणसाकडे सोपवा," असं संचालकांनी सकाळीच सुचवलं होतं. "माझे पाय अजून माझेच आहेत," असं सुनावून बाई तडक वर्गावर आल्या. लांबलेल्या आजारपणानंतरचा हा त्यांचा पहिलाच तास होता.

नृत्योपचार शिकणाऱ्या मुलींना त्यांनी आरशाचा खेळ दिला. "मी जे करीन तेच करायचं. डोकं चालवू नका. डोकं थापा मारतं, शरीर मारत नाही."

खोलीच्या मधोमध बाई पाय रोवून उभ्या राहिल्या. समोरच्या मुली एक पाऊल मागे सरल्या.

"अगं पोरींनो, मी जागची हललेसुद्धा नाही!"

"मॅडम, तुम्ही मागे सरलात," पुढची मुलगी म्हणाली.

बाईंनी खाली पाहिलं. पावलं होती तिथंच होती. मग त्यांनी मुद्दाम एक पाऊल पुढे टाकलं. मुली आणखी मागे गेल्या, अगदी भिंतीला पाठ टेकेपर्यंत. एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

त्याच क्षणी, खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या बाईंच्या पाठीला गार भिंत लागली.

"मी हटणार नाही," बाई म्हणाल्या, आणि पाठीनं ती भिंत मागे रेटू लागल्या.