नाक्याच्या पुढे

शोरूमच्या मुलीने चावी हातात ठेवली आणि विचारलं, "मॅडम नाही आल्या, सर? फोटोला दोघं असले की बरं दिसतं."

"नाही," धनराज म्हणाला.

"वेटिंगमुळे डिलिव्हरीला उशीर झाला. सॉरी हं."

"झाला खरा."

त्याने टायरवरची तारीख वाचली. दारांच्या फटींवरून बोट फिरवलं. गाड्यांचा नाद जुना होता, हात आपोआप फिरले. मुलीने फोडायला नारळ पुढे केला, तो त्याने तिलाच परत दिला. द्वारका चौकाजवळ पायाखालचे मॅट घेतले. पुढे एका पंपावर हवा तपासली. शोरूमनेही तपासलेली होती. मग घराकडे न वळता तो पेठ रोडला लागला.

जकात बंद झाल्यापासून जुना नाका ओसाड आहे. केबिनच्या काचा गेल्या, पत्रे लोंबतात. शेडखाली लंकाबाईचा चहा तेवढा चालू असतो. धनराजने नवी गाडी घेतली की पहिल्यांदा बायकोला, उज्वलाला बसवून इथवर आणायची, असं ठरलेलं होतं. तिला गाडी लागायची. पेट्रोलची लागली, डिझेलची लागली, मोठी लागली, छोटी लागली. नाका आला की ती तोंडाला पदर लावून म्हणायची, "थांबवा." मग दोघं चहा घ्यायची आणि माघारी फिरायची. नाक्याच्या पुढे ती दोघं गाडीने कधी गेली नाहीत. गेली ती स्कूटरवर.

ही गाडी बॅटरीची होती. वास नाही, आवाज नाही, गिअरचा झटका नाही. हिच्यातून सुरगाण्याला उज्वलाच्या बहिणीकडे जायचं म्हणून दोघांनी ती बुक केली होती. गाडी आली तेव्हा उज्वला नव्हती.

नाक्यावर गाडी थांबली तशी लंकाबाई टपरीबाहेर आली. गाडीकडे बघत राहिली.

"हीच का ती?"

"हीच."

"लय देखणी हाय. चहा टाकते."

"चहा नको. लंकाबाई, जरा बसता का गाडीत? पुढे जाऊन येऊ."

"मी? अवं भाऊ, मला रिक्षा बी लागती. ताईंच्या दहाव्याला रामकुंडावर पायी आले मी, इसरलात का?"

"नाही विसरलो. म्हणून तर तुम्हाला म्हणतोय."

लंकाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तिला ही लागली असती का नाही, एवढंच बघायचंय," धनराज म्हणाला.

तिने स्टोव्ह बंद केला. पदराला हात पुसले आणि चपला बाहेर काढून ठेवून ती पुढच्या सीटवर बसली. त्याने चपला उचलून आत ठेवल्या आणि तिचा पट्टा लावून दिला.

गाडी निघाली. नाका मागे गेला.

"चालू हाय का ही?"

"चालू आहे."

"अगं बया. आवाजच नाय. पाळण्यात बसल्यावानी वाटतंय."

"लागतेय का?"

"नाय. गारगार वाटतंय."

लंकाबाई बोलत सुटली. द्राक्षांचे मळे बघितले, कुणाचा बंगला किती मजली झाला ते सांगितलं. धनराज रस्त्याकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त बघत होता. तिचा चेहरा टवटवीत होता.

"भाऊ, ताईंना चालली असती ही. खरंच सांगते. सुरगाण्यापर्यंत झोपून गेल्या असत्या."

गाडीला उशीर झाला म्हणजे काय झालं, ते धनराजला आत्ता कळू लागलं. परत फिरावं असं वाटलं, पण पाय तसाच दाबलेला राहिला.

पुढे रस्ता वळणावळणाचा झाला. पाय उचलला की गाडी ब्रेक न लावताच मंदावायची, पुन्हा दाबला की सरकन पुढे जायची. तीन-चार वळणं गेली. लंकाबाईचं बोलणं थांबलं होतं.

"काय झालं?"

"काय नाय. चला तुमी."

"थांबवू?"

तिने नको म्हणून मान हलवली. मग तोंडाला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने समोरच्या डॅशबोर्डवर थाप मारली.

त्याने गाडी कडेला घेतली. दार उघडेपर्यंत अर्धी ओकारी नव्या मॅटवर झाली, अर्धी रस्त्यावर. तो पळत तिच्या बाजूला आला. तिची पाठ चोळली, बाटलीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. तिने चूळ भरली आणि मैलाच्या दगडावर बसून घेतलं.

"बरं झालं," धनराज म्हणाला.

"इथं माझा जीव चाललाय, अन् तुमी म्हणता बरं झालं?"

"तसं नाही हो."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "मी सकाळपासून उपाशी हाय, म्हणून झालं. माझं धरू नका. ताईंना नसती लागली."

"लागली असती."

"नाय भाऊ—"

"लागली असती, लंकाबाई. इथंच थांबवा म्हणाली असती." तो तिच्याशेजारी खाली मातीतच बसला. नव्या पँटचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

ऊन चढत होतं. लंकाबाई उठली, गाडीतून चपला काढून पायात घातल्या. "मी आता हिच्यात काय बसायची नाय. पायी जाते."

"चला," म्हणत धनराजही उठला आणि नाक्याच्या दिशेने चालू लागला.

थोडं पुढे गेल्यावर लंकाबाईने मागे वळून पाहिलं. "अवं, गाडी! दोन्ही दारं उघडी हायेत."

"असू द्या," तो म्हणाला आणि तिच्या बरोबरीने चालत राहिला.