पुसलेल्या ओव्या

संगणकावर लिनक्स ही नवी प्रणाली टाकताना मकरंदने चुकून भलतीच डिस्क पुसली. तिच्यात त्याच्या बायकोने, शरयूने, गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग होती.

“जगाला सांगत फिरता, बॅकअप दोन ठेवा, एक घराबाहेर. माझ्या ओव्यांचा कुठाय?” शरयू कडाडली.

पुसलेलं परत मिळवायला मकरंद आठवडाभर झटला, पण हाती काही लागलं नाही.

शेवटी शरयूनेच पदर खोचला. “गाडी काढा. पुन्हा गोळा करू.”

“रोजचा बॅकअप रोज घेईन,” तो म्हणाला. “उघडून, ऐकूनही बघेन.”

पहिल्याच गावात शरयूने सोजरबाईंपुढे हात जोडले. “आजी, तुमच्या ओव्या आमच्याकडून हरवल्या. पुन्हा गाल?”

म्हातारी खुदकन हसली. “बरं झालं! तवा तुझी वळख न्हवती, म्हणून नुसत्या देवाच्याच गायल्या. आता सासूच्या गाते. कर चालू.”