धाकटीच्या नावाचं रक्त

“वंदना कोण?” लॅबच्या सुमितनं ओसरीवर बसता बसता विचारलं.

“मीच की,” उषा म्हणाली अन् पदर मागं सारून तिनं हात पुढं केला.

कागदावर वय अठ्ठावीस होतं. उषा चौतिशीची. पण सुमितला वाटूरला अजून तीन घरं गाठायची होती, त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. सुई टोचली, नळी भरली, नळीवर वंदनाचं नाव लिहिलं अन् गाडीला किक मारून गेला.

खरी वंदना, म्हणजे उषाची धाकटी जाऊ, तेव्हा परसातल्या संडासात होती. दिवसातून दहा वेळा तिथंच असायची. सहा महिने झाले, पोटात कळा अन् शौचातून रक्त. साध्या तपासण्या साफ आल्या. शेवटी जालन्याचे डॉक्टर म्हणाले, आतड्याच्या सुजेचा आजार वाटतो, रक्तात त्याच्या अँटिबॉडी सापडतात का बघू, अंदाज येईल. सासूनं धाकट्या लेकाला, कल्याणला, तिथल्या तिथं निकाल देऊन टाकला. “हे शेवटचं. ह्यात काही निघालं तर दवापाणी करू. न्हाई निघालं तर तू तुझ्या बायकोला आष्टीला बापाकडं सोडून यायचं. लई नाटकं झाली.”

उषाला हेच पाहिजे होतं. धाकटी खाटेवर, अन् कापूस वेचायला, भाकरी थापायला, म्हशीचं शेण काढायला ही एकटी! “पोट कुणाचं दुखत न्हाई गं?” ती येता-जाता वंदनाला ऐकवायची. “दुखलं म्हणून कुणी लोळत पडतं का? कामचुकार मेली!” आपलं रक्त साफच निघणार, याची तिला पक्की खात्री होती. दिवसभर राबणाऱ्या बाईला कसला आलाय रोग?

परसातून परत येताना वंदनानं मागल्या दाराच्या फटीतून सगळं बघितलं होतं. ती गप्प बसली, पण भिऊन नव्हे. रिपोर्ट साफ येऊ दे, मंग त्या सुमितला घरी बोलावते अन् चारचौघांत हिचं नाक कापते, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आठ दिवस दोघी एका घरात वावरल्या अन् एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. कल्याणनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

“अँटिबॉडी सापडल्यात. प्रमाण बरंच जास्त आहे. नुसत्या रक्तावर पक्कं सांगता येत नाही, दुर्बिणीनं बघावं लागेल. पण आजार खरा दिसतोय. कसं हो अंगावर काढलं हिनं?”

मग सासू उठली अन् खाटेवर वंदनाच्या उशाशी जाऊन बसली. “आम्हाला काय ठाऊक, पोरी,” ती म्हणाली अन् तिच्या कपाळावरून हात फिरवायला लागली. कल्याणची मान खाली गेली. भागवत मात्र आपल्या बायकोवर, उषावर, खेकसला. “ऐकलंस? आजारी बाईला छळीत होतीस. शरम वाटती का काही? आजपासून तिच्या वाटणीचंबी तूच करायचं!”

वंदनाच्या सगळं ध्यानात आलं. तिनं उषाकडं बघितलं. उषाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. बोलायचं तर आताच बोलायला पाहिजे होतं. वंदना बोलली नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा या घरात तिला कुणी पोरी म्हणालं होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

उषा भिंतीला टेकून उभी होती. पोटात कळ आली, तिनं ओठ दाबले. कळ तिला सोसायची, ती रोजचीच होती. सासूचा तो हात मात्र तिला सोसवेना. संतापानं तिला रडू फुटलं.

“हात काढा तिच्यावरचा, आत्याबाई!” ती ओरडली. “सुई मी टोचून घेतली. चार वर्षं रक्त पडतंय माझं, कुणाला कळू दिलं न्हाई. त्यो आजार माझा हाये!”