मोघेकाकांची जीभ

हिमालयातला ट्रेक ठरला की गोठवून सुकवलेल्या जेवणाची पाकिटं मोघेकाकांनीच चाखून निवडायची, हा ग्रुपचा वीस वर्षांचा शिरस्ता. यंदाही पोरं नमुन्याची पाकिटं घेऊन घरी आली. काकांनी एकेका पाकिटात उकळतं पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबले आणि चमचा हाती घेतला.

पालक खिचडीचा नुसता चिकट लगदा झाला होता. काकांनी तोंड वाकडं करून ती बाजूला सारली. राजमा-भातावर मात्र स्वारी खूश झाली. "हाच घ्या. माझ्यापुरता फक्त बिनतिखटाचा मागवा, हल्ली पोटाला झेपत नाही."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी केतकी म्हणाली, "काका, या वेळी तुम्ही नाही आहात. तुमचे गुडघे... आम्हाला वाटलं, तुमच्या निनादने घरी सांगितलं असेल."

"अगं, हो की!" काका हसले. त्यांनी मिशा पुसल्या, बाजूला सारलेली खिचडी पुन्हा पुढे ओढली आणि एक चमचा सावकाश घोळवून गिळला.

"मघाशी घाईच केली मी. मुरल्यावर काय झकास लागतेय! दहाही दिवस हीच न्या."

काकांनी सांगितलं म्हणजे झालं. कोणी चाखूनसुद्धा पाहिलं नाही.